ताई, तोंड धुवून घ्या

आमचं घर रस्त्याला इतकं लागून होतं की यवतमाळकडून आलेली गाडी वळण घ्यायला लागली की ताटातलं वरण हलायचं. वारंगा फाट्यावर तेव्हा आजच्यासारखा चौपदरी रस्ता नव्हता. एक वाट नांदेडला, एक हिंगोलीला, एक उमरखेडावरून विदर्भात, आणि या सगळ्यांच्या बेचक्यात आमचं पत्र्याचं चहाचं हॉटेल. हॉटेलाच्या पाठीला दोन खोल्या, त्यात आम्ही तिघं. गाडी थांबली की कंडक्टर दारात लोंबकळून ओरडायचा, “नांदेड, नांदेड, नांदेड!” आत चुलीपुढं भाकरी थापत असले तरी माझे पाय चुळबुळायला लागायचे. बारावी होऊन गेली होती. पुढं काय, ते कुणी बोलत नव्हतं. सगळ्या जगाला कुठं ना कुठं जायचं होतं, आणि ते सगळं जग आमच्या दारात उतरून, चहा पिऊन, पुन्हा चढून निघून जात होतं. मी मात्र तिथंच. त्या वर्षी माझं एकाही कामात मन लागलं नाही. कपडे वाळत घालता घालता मी रस्त्यावर येऊन उभी राहायची, कशासाठी आले ते विसरायची आणि परत आत जायची.

ती सवय अजून गेलेली नाही. आता हिंगोलीत दुसऱ्या मजल्यावर राहते, दुपारी कुत्रंसुद्धा भुंकत नाही अशी शांतता असते, तरी मी गॅलरीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून गॅलरीत फिरत असते. सून म्हणते, “आई, घडीभर बसा ना.” बसायला कुणी शिकवलंच नाही, काय करू?

दादा, म्हणजे माझे वडील, भट्टीपाशी असत. फार बोलायचे नाहीत. ड्रायव्हरला निघायची घाई असते हे ओळखून त्याचा चहा ते आधीच या पेल्यातून त्या पेल्यात ओतून निववून ठेवायचे. लहान लेकरू असलं की दुधाचंही तेच. सकाळी फोडणीच्या मुरमुऱ्यांचा सुशीला आणि मिरचीची भजी, दुपारनंतर शेव-चिवडा. भज्यांच्या तेलाचा वास आमच्या केसांना, पुस्तकांना, अंथरुणालाही लागलेला असायचा. माय भांडी घासायची, पीठ कालवायची, पण तिचं लक्ष कायम गिऱ्हाइकांमध्ये. कुणाची पिशवी फाटलेली आहे, कुणाचं लेकरू उन्हात उभं आहे, कुणी म्हातारं कुठल्या गाडीत बसायचं ते विचारायला लाजतंय, हे तिला आधी दिसायचं आणि हातातलं काम टाकून ती उठायची.

एकदा ऐन उन्हाळ्यात जवळच्या बंजारा तांड्यावरची धुरपताबाई नांदेडला लेकीकडे निघाली होती. म्हातारी, अंगावर जडशीळ घागरा, दंडापर्यंत बांगड्या, घामानं न्हालेली. मायनं तिच्यापुढं माठातल्या पाण्याचा तांब्या धरला. तिनं ओठ ओले केले आणि तांब्या परत दिला.

“पी की बाई. एवढ्या उन्हात पानी काहून पीत न्हाईस?”

“नको माय. लांब जायाचंय.”

 त्या दिवसापासून माय बघत राहिली. नवऱ्याला चहा पाजणाऱ्या, लेकरांना पाव चारणाऱ्या आणि स्वतः घोटभरही न घेणाऱ्या बाया. गाडीतून उतरल्यावर हॉटेलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत येरझाऱ्या घालणाऱ्या बाया. फाट्यावर झाड नव्हतं की आडोसा नव्हता. बाप्ये कुठंही भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे. बायांनी काय करायचं, हा विचार फाटा वसवणाऱ्या कुणाच्या डोक्यात आलाच नव्हता.

मायनं आमच्या मागच्या अंगणात चार बांबू रोवले, जुन्या लुगड्यांचा दुहेरी पडदा शिवून लावला, आत दोन शहाबादी फरशा टाकल्या, एक पिंप आणि तांब्या ठेवला. हॉटेलाच्या कडेनं एक बोळ मागं जायचा, त्यातून कुणाच्या नजरेत न येता अंगणात जाता यायचं. एवढं झालं, पण बाया विचारणार कशा? चार बाप्ये चहा पीत बसलेले असताना कुठली बाई तोंडानं विचारील? त्याचंही मायनं शोधून काढलं. एखादी बाई चुळबुळताना दिसली की ती मोठ्यानं म्हणायची, “ताई, लेकराचं तोंड धुवून घ्या, मागं पानी हाय.” सोबत लेकरू नसलं तर, “ताई, धुळीनं भरल्या की तुमी, तोंड धुवून घ्या.” बाई पहिल्यांदा गोंधळायची, मग मायच्या डोळ्यांकडं बघून समजायची आणि बोळाकडं वळायची. बाहेर येताना तिचं तोंड खरोखरच धुतलेलं असायचं.

दादा कुरकुरायचे. “आपलं हॉटेल हाय का धर्मशाळा?” पण पिंप रिकामं दिसलं तर मला हाक मारून सांगायचेही तेच. पाणी भरायचं काम माझ्याकडं. हापसा रस्त्याच्या पलीकडं, ट्रक चुकवत घागरी आणायच्या. पिंप भरेपर्यंत एखादी गाडी यायची आणि ते अर्ध्यावर यायचं. घागर डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडताना मी प्रत्येक गाडीवरची पाटी वाचायची. नांदेडच्या सरकारी दवाखान्यात नर्सचं ट्रेनिंग मिळतं, राहायला होस्टेल असतं, हे एका प्रवासी सिस्टरनं मला मागं अंगणात हात पुसता पुसता सांगितलं होतं. त्या दिवसापासून नांदेडची पाटी दिसली की ती गाडी वळणाआड जाईपर्यंत मी बघत उभी राहायची.

बोळाची जागा मोठ्या बापूंची होती, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची. ते गावात राहायचे, पण फाट्यावरच्या अर्ध्या जागेवर त्यांचं नाव होतं. घरातला शेवटचा शब्दही त्यांचाच. माय त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर पुढं ओढून उभी राहायची आणि बोलायचीच नाही. त्यांना तो पडदा खुपायचा. “गावभरच्या बाया आपल्या घरात ह्या कामाला येतात, चार मान्सात सांगायची गोष्ट हाय का ही?” असं ते दादांना म्हणायचे. दादा भट्टीत लाकूड सारायचे.

बापूंनीच माझ्यासाठी स्थळ आणलं. कनेरगाव नाक्याकडचं, जमीनवालं घर, मुलाचं नाव उत्तम, शेती करणारा. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारायची पद्धतही नव्हती. मी दादांना एकदा म्हणाले, “मला ट्रेनिंगला जायचंय.” ते म्हणाले, “बापूला कोन सांगंल?” त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळं मला जास्त वाईट वाटलं. रागाशी भांडता तरी येतं.

पाहुणे येणार त्या दिवशी हॉटेल बंद ठेवलं. बापू सकाळपासून आलेले. त्यांनी मायला बजावलं, “आजच्या दिस तरी मागं कोनी जाता कामा नये.” मायनं मान हलवली. पाहुणे जीपनं आले आणि बापूंनी ती जीप स्वतः उभं राहून थेट बोळाच्या तोंडात लावून घेतली. बोळच बंद झाला. मुलगा, त्याचे वडील आणि त्याची आई, असे तिघं आमच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर बसले. मी सुशीला घेऊन गेले. मुलानं एकदा वर बघितलं आणि पुन्हा खाली. रंगानं सावळा, हात शेतकऱ्याचे, चेहरा भला. मला त्याचा राग यावा असं त्याच्यात काहीच नव्हतं. त्याची आई मात्र भिंतीला टेकून बसत नव्हती. सतरंजीवर एकदा या मांडीवर, एकदा त्या मांडीवर. पाण्याचा पेला तिनं तसाच ठेवला होता.

प्रश्न सुरू झाले. नाव काय, शिक्षण काय, स्वयंपाक येतो का. तेवढ्यात बाहेर मोठा आवाज झाला आणि ब्रेक करकरले. लग्नाचं वऱ्हाड घेऊन निघालेला एक ट्रक टायर फुटून आमच्या दारासमोरच थांबला होता. तांड्यावरचं वऱ्हाड. बाया, लेकरं, म्हाताऱ्या सगळ्या खाली उतरल्या. आमच्या अर्धवट उघड्या दारातून ते सगळं दिसत होतं. बाप्ये टायरभोवती जमले आणि बाया हॉटेलाच्या बाजूला आल्या. बोळात जीप बघून थबकल्या. त्यांत धुरपताबाई होती. ती जीपच्या या बाजूनं बघून आली, त्या बाजूनं बघून आली. एक पोटुशी बाई हॉटेलाच्या खांबाला धरून उभी राहिली होती.

माय चहाचा ट्रे घेऊन उभी होती. मी तिच्याकडं बघत होते. ती दाराकडं बघायची, बापूंकडं बघायची, पुन्हा दाराकडं. कपबशा ट्रेमध्ये वाजायला लागल्या. मुलाचे वडील मला विचारत होते, “शिवणकाम येतं का?” आणि मी काही उत्तर द्यायच्या आत मायनं ट्रे खाली ठेवला, दाराशी गेली आणि दार सताड उघडलं.

“धुरपताबाई, इकडून या. समद्या या.”

बाया एकामागं एक आमच्या बैठकीतून जायला लागल्या. घागऱ्यांचा खळखळाट, बांगड्यांचा आवाज, लेकरांची रडारड, सगळं पाहुण्यांच्या पुढून. बापूंचा चेहरा काळा पडला. मुलाचे वडील म्हणाले, “हे काय चाललंय?”

बापू काहीतरी सावरायला गेले, “ते... शेजारपाजारचे...”

“न्हाई बापू,” माय म्हणाली. डोक्यावरचा पदर तिनं हातानं धरून ठेवला होता, पण आवाज स्वच्छ होता. बापूंसमोर ती बोललेली मी पहिल्यांदा ऐकली. “फाट्यावर बायांना लघवीला जागा न्हाई. म्हनून आमच्या घरात येतात. रोज येतात. पाव्हन्यांची जीप बोळात लावली म्हनून आज इथून येऊन राहिल्या.”

तो शब्द खोलीत पडला आणि कुणाला कुठं बघावं कळेना. बाहेर टायर ठोकल्याचा आवाज येत होता. मुलानं मान इतकी खाली घातली की त्याचा चेहराच दिसेना.  मला पळून जावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी मायच्या शेजारी जाऊन उभं राहावंसं वाटत होतं. दोन्हीपैकी काहीच झालं नाही.

मग मुलाची आई उठली. तिनं पदर सावरला, आणि धुरपताबाईच्या मागं, बायांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. कनेरगावहून सकाळी निघालेली बाई ती. वाटेत कुणी गाडी थांबवली नव्हती, आणि तीही कुणाला थांबव म्हणाली नव्हती.

मी पाणी भरून द्यायच्या निमित्तानं मागं धावले. ती पडद्याबाहेर आली तेव्हा मी तिच्या हातावर तांब्यानं पाणी ओतायला लागले. तिनं खरंच तोंड धुतलं, सावकाश, कानामागंसुद्धा. मग डोळे मिटलेलेच ठेवून हळू म्हणाली, “पोरी, तुला करायचं हाय का हे लगन? खरं सांग. इथं बाप्ये न्हाईत.”

तांब्या कलंडला. पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं. मी म्हणाले, “मला नांदेडला जायचंय. नर्सचं शिकायला.”

ती पदरानं तोंड पुसत राहिली. “माझा लेक वाईट न्हाई.”

“व्हय,” मी म्हणाले. 

“वाईट न्हाई तो,” ती पुन्हा म्हणाली, जणू स्वतःलाच. मग माझ्या हातातला तांब्या काढून घेऊन पिंपावर पालथा ठेवला. “जा. आत जाऊन चहा दे. आन् तोंड असं उतरू देऊ नको, लोकं बघत्यात.”

मी चहा दिला. पाहुणे चहा पिऊन गेले. कळवतो म्हणाले.

ते आठ-दहा दिवस कसे गेले ते मला सांगता येणार नाही. मी भाकऱ्या करपवल्या, घागर फोडली, गाडी आली की दारात आणि निरोप्या आला असेल म्हणून पुन्हा दारात. मायशी मी बोलत नव्हते आणि तिच्यापासून लांबही जात नव्हते. शेवटी बापूच निरोप घेऊन आले. पाहुण्यांना मुलगी पसंत होती, घर पसंत होतं, पण पत्रिका जुळत नाही असं मुलाची आई म्हणते, तिचा पत्रिकेवर फार विश्वास. “पत्रिकेचं निमित्त हाय,” बापू मायकडं न बघता दादांना म्हणाले. “खरं कारन तुमच्या मागच्या अंगनात हाय. आता हिच्या लग्नाचं तुमचं तुमी बघा. मी पुन्यांदा कुनाच्या दारात जानार न्हाई.”

ते गेल्यावर माय पिठाचे हात तसेच घेऊन माझ्याजवळ आली. “सिंधू, तुझी पत्रिका कोनी दिली त्यान्ला?”

“मला काय माहीत?”

“तुझी पत्रिका हायच कुठं? तू शेतात झालीस, कापूस येचता येचता. येळ कोनती व्हती ते मलाच ठावं न्हाई.”

 मागं अंगणात काय बोलणं झालं ते मी तेव्हा तिला सांगितलं. ती ऐकून घेत होती आणि तिच्या बोटांवरचं पीठ वाळून पडत होतं. “नावं ठेवायला जागा दिली न्हाई बाईनं,” ती म्हणाली. “ना तुला, ना आपल्याला.”

बापूंनी त्याच आठवड्यात बोळाच्या तोंडावर भिंत घातली. जागा त्यांची, त्यांना कोण अडवणार? गाड्या येत राहिल्या, बाया उतरत राहिल्या, आणि “तोंड धुवून घ्या” म्हणायला मायचं तोंड उघडायचं आणि मिटायचं. घरातून नेणं रोज शक्य नव्हतं. दादा तेवढ्यापुरते कडक होते, आणि खोलीत मी झोपायला असायची. माय सैरभैर झाली. भिंतीपाशी जायची, हात लावायची, परत यायची. पोटुशा बाया बघवत नाहीत म्हणून ती गाडी आली की आत जाऊन बसायला लागली.

एके सकाळी मी उठले तर हॉटेलात ठोकाठोक चाललेली. दादा एकटेच भट्टी फोडत होते. ती कोपऱ्यात, सावलीत, भिंतीच्या आडोशाला होती. ती त्यांनी विटांनी पुन्हा बांधली, पण बाहेर, रस्त्याच्या तोंडावर, पत्र्याच्या छपराच्याही पुढं. जुन्या भट्टीच्या जागी कोपरा मोकळा झाला होता. तिथला मागचा पत्रा त्यांनी कापला आणि तरटाचं दार लावलं. दारातून खोल्यांच्या कडेनं सरळ आमच्या अंगणात.

माय भांडी घेऊन आली आणि बघतच राहिली. “उन्हात काहून घेतली भट्टी?”

“धूर आत कोंडून राहिला व्हता,” दादा विटेला गिलावा लावत म्हणाले. “डोळे जळायचे. इथं बराबर हवा लागते.”

त्या उन्हाळ्यात आणि त्यानंतरच्या सगळ्या उन्हाळ्यांत दादा डोक्यावर ओला टॉवेल टाकून उन्हात भट्टीपुढं बसले. त्यांचा चेहरा तांब्यासारखा झाला. कुणी विचारलं की ते धुराचं सांगायचे. पहिल्या दिवशीच एक बाई काखेत लेकरू घेऊन गाडीतून उतरली तेव्हा माय पुढं व्हायच्या आत दादाच भट्टीवरून मान न उचलता म्हणाले, “ताई, तोंड धुवून घ्या. आतून हाय रस्ता.” माय हसली, आणि तोंडाला पदर लावून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

बापूंनी माझ्या लग्नातून अंग काढून घेतलं होतं, म्हणून विचारायचं कुणाला, हा प्रश्नच उरला नाही. दादा माझ्यासोबत नांदेडला आले, अर्ज भरला, आणि पावसाळा संपायच्या आत मी होस्टेलात होते. पुढं नोकरी, लग्न, बदल्या, मुलं, हे सगळं मी दुसऱ्या प्रकरणांत लिहिलं आहे. त्या बाईला भेटायचं मात्र राहून गेलं. तिचं नावही मला माहीत नव्हतं. कनेरगाववरून गाडी गेली की मी खिडकीतून बायांचे चेहरे बघायची. काय बोलणार होते कोण जाणे.

गेल्या हिवाळ्यात वाशीमला नात्यातल्या लग्नाला गेले होते. परतताना कनेरगाव नाक्यावर गाडी जेवणासाठी थांबली. ढाब्यावरच्या पोराशी बोलता बोलता मी म्हणाले, “आमी मूळचे वारंगा फाट्याचे.” गल्ल्यावर एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ बसले होते. त्यांनी मान वर केली.

“वारंग्याला हॉटेल होतं का तुमचं? फाट्यावर?”

मी हो म्हणाले. ते उठून माझ्या टेबलापाशी आले, पण बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

“मी उत्तम,” ते म्हणाले.

माझ्या हातातला घास तसाच राहिला. त्यांनी नातवंडांचं सांगितलं, बायको देवाघरी गेली आहे असं सांगितलं. मी आईचं विचारलं. “आई जाऊन बरीच वर्षं झाली,” ते म्हणाले. मग रस्त्याकडं बघत म्हणाले, “एक विचारू का ताई? आता आपली वयं झाली, म्हणून विचारतो. तेव्हा आईनं पत्रिकेचं सांगितलं. मला ते कधी पटलं न्हाई. मला तुमी पसंत होता. मला वाटायचं, त्या बाया घरातून गेल्या ते आईला आवडलं न्हाई, म्हणून तिनं नकार दिला. मी तिच्याशी लय दिवस नीट बोललो न्हाई. शेवटपर्यंत ती पत्रिकाच म्हणत राहिली.”

ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. माझ्या डोक्यात एकदम सगळं उसळून आलं, ओलं लुगडं, मिटलेले डोळे, ‘माझा लेक वाईट न्हाई’. खरं सांगितलं तर त्याची आई त्याला सगळी कळली असती. पण खरं सांगितलं तर मीच त्याला नको म्हणाले होते, हेही कळलं असतं, आणि ते त्याच्यापर्यंत पोचू नये म्हणून त्या बाईनं लेकाचा अबोला सोसला होता.

“पत्रिका होती ना,” मी म्हणाले. “एक नाडी आली होती दोघांची. आमच्या गुरुजींनीही तेच सांगितलं. तुमच्या आई काय करणार?”

 खुर्चीवरचा त्यांचा हात सैल झाला.

“एक नाडी?”

“हो. तुमच्या आईनं बरोबर केलं.”

“मग ठीक आहे,” ते म्हणाले, आणि पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं, “मग ठीक आहे.” त्यांनी पोराला हाक मारून माझ्यासाठी दही मागवलं. मी गाडीत चढले तेव्हा ते रस्त्यापर्यंत आले होते. हिंगोली येईपर्यंत मला बसवत नव्हतं. खिडकी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. शेजारची बाई म्हणाली, “तब्येत बरी हाय ना?” मी म्हणाले, बरी आहे, जरा गरम होतंय.